शिंप्याच्या घरचं बुजगावणं

प्रिय धाकट्या,

तुला अनेक आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा, कारण तुझं पत्र तब्बल दोन महिन्यांनी आलं. त्याच्या पहिल्या पानाचं उत्तर आधी देते आणि दुसऱ्याचं सगळ्यात शेवटी. दुसरं पान वाचल्यापासून मला घोर लागलाय, आणि घोर घेऊन लिहिलं की माझं अक्षर बिघडतं. (ते एरवीही मोत्यासारखं नाही, हे तुला सांगायला नको. शाळेत तूच त्याला मुंग्यांची मिरवणूक म्हणायचास.)

तर इकडे सगळे खुशाल. बाबांचा गुडघा जिन्यावर दुखतो, सपाट जागी दुखत नाही आणि कोणी विचारलं तर कुठेच दुखत नाही. तुझ्या भावोजींना ऋतू बदलल्याची सर्दी झाली. ती चार दिवस राहिली आणि आम्ही तिचं जेवढं केलं तेवढं कधी पाहुण्यांचंही केलं नाही. ठिणगीचा पुढचा दात पडला. (तुझ्या भाचीला आता शाळेतही सगळे ठिणगीच म्हणतात. मास्तरांनी आठवडाभर खऱ्या नावाने हाक मारून पाहिली, तिने ओ दिली नाही.) बाप कवळ्या बनवण्याच्या कामाला असल्यामुळे दुसऱ्या दिवशी नवा दात बसेल अशी तिची खात्री होती. दात आपोआप येतो आणि त्याला महिने लागतात हे कळल्यावर तिचा बापाच्या धंद्यावरचा विश्वासच उडाला.

हवा मात्र सुंदर आहे. उन्हाचा चटका गेलाय, सकाळी शाल लागते आणि दुपारी काढून ठेवावीशी वाटते. दुकानासमोरच्या झाडाने पानं टाकायला सुरुवात केली. बाबा आठ वाजता पायरी झाडतात आणि सव्वाआठला झाड पुन्हा पानं टाकतं. सध्या बाबांचं त्या झाडाशी बोलणं नाही. (त्यांचं कोणाकोणाशी बोलणं नाही याची यादी मी इथे देत नाही. तीन वर्षांपासून त्यात सगळ्यात वर कोण आहे हे तुला ठाऊक आहे.)

ते तीन वर्षांपूर्वीचं मी पुन्हा उगाळणार नाही, फक्त माझी बाजू एकदा लिहून ठेवते. तू नोकरीच्या मुलाखतीला जाणार म्हणालास, बाबांनी सगळी कामं बाजूला सारून तुला सूट शिवला, त्या सुटात तू मुलाखत दिलीस आणि नोकरी मिळवलीस. इथवर कोणाचंच काही चुकलं नाही. पण ती नोकरी तयार कपड्यांच्या दुकानातली आहे हे तू आधी सांगायला हवं होतंस, आणि शिंप्याचा मुलगा रेडिमेड विकायला गेला म्हणून बाबांनी बोलणं टाकायला नको होतं. तू तो सूट दुकानातल्या खुंटीला अडकवून निघून गेलास. तेव्हापासून तो तिथेच होता. दर रविवारी बाबा त्याला ब्रश मारायचे आणि मी विचारलं तर म्हणायचे, धूळ कापड खाते. तुझी पत्रं मी भावोजींना मोठ्याने वाचून दाखवते तेव्हा खाली बाबांचं मशीन थांबतं, वाचन संपलं की पुन्हा सुरू होतं. भावोजींना कमी ऐकू येतं असं अख्ख्या गल्लीला वाटायला लागलंय.

आता मुख्य हकिकत. आपल्या वस्तीच्या सभागृहाबाहेरच्या फळ्यावर नोटीस लागली, की पानगळीच्या पहिल्या रविवारी मोठ्या बागेत कौटुंबिक मेळावा आहे. पुस्तकांची अदलाबदल, रोपांची अदलाबदल, पोत्यातली शर्यत, रस्सीखेच, आणि यंदापासून नवीन, बुजगावण्यांची स्पर्धा. बागेच्या मागे वस्तीने मिळून जो भाजीचा मळा केलाय तिथे पाखरं एक टोमॅटो धड ठेवत नाहीत. म्हणून प्रत्येक घराने जुन्या कपड्यांचं एक बुजगावणं करून आणायचं, पहिलं येईल ते मळ्यात उभं राहणार. ही सगळी कल्पना हेडबाईंची. (त्या शाळेतून निवृत्त झाल्या त्याला सहा वर्षं झाली, पण निवृत्त झाल्या त्या फक्त शाळेतून. आमच्या बाबतीत त्यांची नोकरी चालूच आहे.) ठिणगीने कोणाला न विचारता आपलं नाव देऊन टाकलं, आणि हेडबाईंनी दुकानात येऊन चारचौघांत सांगितलं, की शिंप्याच्या घरचं बुजगावणं म्हणजे आता बघायलाच नको. बाबांनी डोकं वर न करता उत्तर दिलं, की जन्मभर जिवंत माणसांची मापं घेतली, आता गवताची घेणार नाही.

त्यामुळे काम भावोजींवर आणि ठिणगीवर आलं. झाडूचा दांडा, दोन उशांचे अभ्रे, माझा जुना गाऊन आणि कातरणीची दोन पोती एवढ्या भांडवलावर त्यांनी तीन संध्याकाळी जे उभं केलं ते बघून मला खरोखरच भीती वाटली, पण पाखरांना वाटली नसती. पोट सरकून गुडघ्यापाशी जाई. ते वर ढकललं की मान बाहेर येई. चेहऱ्यासाठी भावोजींनी कामावरून एक कवळी आणली. (कोणाच्या तरी मापात चुकलेली, टाकून दिलेली. न वापरलेली आहे हे मी तीनदा विचारून घेतलं.) ती बसवल्यावर आमचं बुजगावणं असं हसायला लागलं, की समोर बसून जेवायची सोय उरली नाही. बाबा हे सगळं मशीनवरून चष्म्याच्या वरून बघत होते. तीन दिवस त्यांनी तग धरला. चौथ्या दिवशी ते उठले, बुजगावण्यापाशी गेले, म्हणाले, "बाही उलटी लावली आहे," आणि ती उसवायलाच बसले.

त्यानंतर आठवडाभर दुकानात दुसरं काम झालं नाही. औषधवाल्याची पँट राहिली, पोस्टमास्तरीणबाईंचा ब्लाउज राहिला. बाबांनी बांबू तासून खांदे केले, छातीला कॅनव्हास घातलं, कातरण निवडून मऊ आतून आणि जाड बाहेरून असं भरलं. माझा गाऊन मला घडी करून परत दिला. आणि मग ते खुंटीपाशी गेले आणि त्यांनी सूट काढला. होय, तोच. मी तेव्हा दारात उभी होते. तुझं पत्र नुकतंच आलं होतं, त्याचं दुसरं पान माझ्या एप्रनच्या खिशात होतं, आणि मी तोंड उघडलं असतं तर बाबांचा हात थांबला असता. मी तोंड उघडलं नाही. त्याबद्दल शेवटी.

सूट अंगात चढला आणि ठिणगी म्हणाली, "आजोबा, डावा खांदा खाली आलाय." मीही पाहिलं, चांगला बोटभर खाली होता. बाबांच्या हातून असली चूक चाळीस वर्षांत झाली नव्हती, म्हणून मी जरा काळजीनेच त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "त्याचा तसाच आहे." आणि सुईत दोरा ओवायला लागले. तू सातवीपासून दप्तर डाव्याच खांद्यावर घेत होतास. मी तुझी सख्खी बहीण, पण हे मला त्या दिवशी बुजगावण्याकडे बघून कळलं.

रविवारी बाबांच्या गुडघ्यामुळे चालत न जाता बसने जायचं ठरलं. बस भरलेली होती. एका भल्या जोडप्याने उठून बाबांना दोन्ही जागा दिल्या, बाबांनी खिडकीशी बुजगावण्याला बसवलं आणि स्वतः त्याच्या शेजारी बसले. ऊन लागायला नको म्हणून ठिणगीने त्याच्या डोक्यावर बापाची टोपी घातली होती, त्यामुळे मागून तो सुटाबुटातला शांत तरुण दिसत होता. मागच्या सीटवरच्या आजीबाई बराच वेळ त्याच्याकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी पुढे वाकून बाबांना विचारलं, मुलाला बरं नाही का. भावोजी आणि मी एकमेकांकडे बघायचं टाळत दांडीला लोंबकळत होतो.

"बरा आहे," बाबा म्हणाले. "बोलत नाही एवढंच. तीन वर्षं झाली."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"डॉक्टर काय करणार? दोष दोघांचाही आहे."

आजीबाईंनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि उतरताना ठिणगीला लिमलेटची एक गोळी दिली आणि बुजगावण्याच्या मांडीवर एक ठेवली. धाकट्या, हे मी वाढवून सांगत नाही. भावोजींना साक्षीला उभं करते, पण ते त्या क्षणी शिंकत होते. (सर्दी तेव्हा गेलेली होती. मग शिंक कसली, ते तू समज.)

बागेत चौदा बुजगावणी जमली होती. हेडबाईंचं स्वतःचं काळ्या झग्यात, हातात छडी. अग्निशामकवाल्यांचं हेल्मेट घातलेलं. बेकरीवाल्याचं म्हणजे मैद्याचं पोतं आणि त्यावर कोळशाने काढलेले दोन डोळे, बस्स. आमचं त्या सगळ्यांत नवरदेवासारखं उभं होतं. लोक येऊन सुटाचं कापड चिमटीत धरून बघत होते, काजं बघत होते. एक लहान मूल कवळी बघून रडलं, तेव्हा हेडबाईंनी त्याच्या तोंडावर रुमाल बांधायचा हुकूम केला. (बुजगावण्याच्या. मुलाच्याही बांधला असता.) औषधवालाही आला, त्याच्या मेव्हण्याची उसनी पँट घालून, आणि आपली पँट कशापायी राहिली हे समोर बघून तडक रोपांच्या टेबलाकडे गेला. बाबा बाजूच्या खुर्चीवर बसून जो येईल त्याला अस्तर उलगडून दाखवत होते. इतकं बोलताना मी त्यांना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

मग परीक्षा. मळ्याचा माळी म्हणाला, शोभेचं मला काही कळत नाही. सगळी बुजगावणी मळ्यात तासभर उभी करा, आपण लांब बसू, आणि पाखरं ठरवतील. लोकांनी डबे उघडले आणि गवतावर बसून मळ्याकडे बघायला लागले. झग्यापासून पाखरं लांब राहिली, हेल्मेटपासूनही. बेकरीवाल्याच्या पोत्याजवळून तर एक कबूतर जाता जाता मागे फिरलं. आमच्यावर मात्र आधी एक चिमणी आली. तिने खांदा चाचपून पाहिला, डावा, उतरता. मग तिने बाकीच्यांना बोलावलं असावं. वीस मिनिटांत आमच्या बुजगावण्याच्या दोन्ही हातांवर ओळीने पाखरं बसली, टोपीत एक बसलं, आणि त्याच्या पायाशी जे टोमॅटो होते ते त्यांनी सावकाश, घरच्यासारखे खाल्ले. माळी आयुष्यात इतका हसला नव्हता असं त्याची बायको म्हणाली.

हेडबाईंनी निकाल वाचताना पहिला नंबर बेकरीवाल्याला दिला. मग आमच्याकडे वळून त्यांनी वर्गात म्हणायच्या त्याच आवाजात शेरा मारला, की दिसायला देखणा आहे, पण कामाचा नाही. आता गंमत बघ. तुझ्याबद्दल हेच वाक्य, याच शब्दांत, तीन वर्षांत बाबांच्या तोंडून मी किती वेळा ऐकलं असेल. पण ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर बाबा गुडघा विसरून ताडकन उभे राहिले. म्हणाले, "कामाचा नाही कसा? बारा माणसं त्याच्या हाताखाली आहेत. गेल्या वर्षी सगळ्या शाखांमध्ये त्याची पहिली आली. सगळं स्वतःच्या हिमतीवर केलंय, बापाने कवडीची मदत केली नाही."

हेडबाई कागद हातात धरून बाबांकडे बघत राहिल्या, मग बुजगावण्याकडे, मग माझ्याकडे. त्यांनी तुला चार वर्षं शिकवलंय, त्यांना समजायला वेळ लागला नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाल्या, शेरा मागे घेते. हेडबाईंनी शेरा मागे घेतल्याचं मी ऐकलेलं हे पहिलं उदाहरण. बाबा खाली बसले आणि डब्यातलं काहीतरी उगाच चिवडत राहिले. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून मी ठिणगीच्या वेण्या पुन्हा घातल्या. त्या चांगल्या घातलेल्या होत्या.

अशा वेळी काहीतरी व्हायला हवं असतं आणि ते भावोजींनी केलं. रस्सीखेचीत आपल्या गल्लीकडे एक माणूस कमी पडत होता. भावोजी म्हणाले, आमचा उभा आहे की रिकामा. त्यांनी आणि ठिणगीने मळ्यातून बुजगावणं उचलून आणलं आणि रस्सीच्या शेवटच्या टोकाला त्याचे हात बांधले. पंच हेडबाई. एरवी त्यांनी नियम काढून दाखवला असता, पण आत्ताच शेरा मागे घेतला होता, म्हणाल्या, एक माणूस धरला जाईल. शिट्टी वाजली. समोर अग्निशामकवाले, त्यांचं रोजचं काम म्हणजे नळी ओढणं. पहिल्या हिसक्याला आपली गल्ली चार पावलं पुढे गेली. मागे ठिणगी बुजगावण्याची कंबर धरून लोंबकळत होती, तिने सोडलं नाही. दुसऱ्या हिसक्याला असा आवाज झाला, की शिंप्याच्या घरच्या माणसालाच तो कळावा. रस्सी, भावोजी, औषधवाला आणि उजवी बाही एकदम पलीकडे गेली. ठिणगी आणि बाकीचं बुजगावणं इकडे राहिलं. पाठ कॉलरपासून खालपर्यंत फाटली, अस्तरही गेलं आणि आतली सगळी कातरण वाऱ्यावर उडून पानांत मिसळली. (मेव्हण्याची पँटही गेली. औषधवाला उरलेला मेळावा खुर्चीत बसूनच होता.)

मी धावत बाबांकडे गेले. मला वाटलं, आता यांना धरावं लागणार. पण ते बाकावर बसून, कोणीतरी पलीकडून आणून दिलेली बाही मांडीवर घेऊन तिचा काठ बघत होते. म्हणाले, शिवण नाही गेली, कापड गेलं. शिवण शाबूत आहे. मग त्यांनी बाहीवर वीत ठेवली आणि मला विचारलं, आता अंगाने भरला असेल का तो. मी म्हटलं, बारा माणसं हाताखाली असली की माणूस बसून राहतो, भरला असेल. ते म्हणाले, हं. आम्ही दोघं तिथे ऊन कलेपर्यंत बसलो. ठिणगीने पोत्याच्या शर्यतीत दुसरा नंबर काढला, तेव्हा टाळ्या मात्र बाबांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या. सर्वांत सुबक पोशाखाचं खास बक्षीस म्हणून आम्हाला एक फुलझाडाची कुंडी मिळाली, ती पायरीवर ठेवली आहे. समोरचं झाड आता तिच्यात पानं टाकतं आणि बाबा ती एकेक करून उचलतात. बरं चाललं आहे आमचं. इतकं बरं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

प्रकृतीला जप. भावोजींचा नमस्कार, ठिणगीचा पापा.

तुझी,
ताई

ता. क. आता दुसरं पान. तू लिहिलंस, की महिनाअखेरीला त्या मुलीच्या आईवडिलांना भेटायला जायचं आहे, चांगल्या कपड्यांची दुकानं भरून पडली आहेत पण मनासारखा सूट एकच, तेव्हा बाबांना न कळता तो खुंटीवरून काढून टपालाने पाठव. त्याचं आता काय उरलंय ते तू वरती वाचलंसच. पँट बरी आहे, पण नुसत्या पँटवर मुलीच्या घरी जाणं बरं दिसणार नाही. मी थांबवू शकले असते. पण तीन वर्षांत बाबांनी तो सूट खुंटीवरून कधी काढला नव्हता, जागच्या जागीच ब्रश मारायचे. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी तो हातात घेतला, तेव्हा मला तुझ्यापेक्षा त्यांची बाजू घ्यावीशी वाटली. रागावणार असलास तर माझ्यावर रागाव.

ता. क. २. मुलीबद्दल बाबांना मी अवाक्षरानेही सांगितलेलं नाही. तू स्वतः सांग. कसं, ते मला सुचत नाही.

ता. क. ३. पाकीट उघडंच मशीनवर ठेवते आहे, भावोजी सकाळी जाताना खळ लावून टपालात टाकतील. काळजी करू नकोस, बाबा दुसऱ्यांची पत्रं वाचत नाहीत.

(यापुढचं बाबांच्या हातचं.)

पत्र वाचलं. पाल्हाळ फार आहे, हकिकत खरी आहे. हिच्या एप्रनचा खिसा उसवला होता तो शिवायला घेतला, तेव्हा त्यात तुझं दुसरं पान सापडलं. बुजगावणं हातात घेतलं ते दुसऱ्या दिवशी. बाही उलटी नव्हती. जुना सूट पाठवून दिला असता तर तुझं काम टपालाने भागलं असतं. माप टपालाने येत नाही. कापड आणून ठेवलं आहे, गडद निळं. येत्या शनिवारी ये. माप मी जेवण झाल्यावरच घेतो, रिकाम्या पोटी घेतलेल्या मापाचा कोट पुढे ताणतो. तेव्हा जेवायला इथेच.